माझ्या समुपदेशनामागचे वाचन

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे मूळ एपिक्टेटस या स्टोइक पंथाच्या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाच्या विचारात आहे: माणूस घटनांमुळे नव्हे, तर त्यांविषयीच्या स्वतःच्या मतांमुळे अस्वस्थ होतो. ‘सर्वांनी मला चांगले म्हटलेच पाहिजे’ हा हट्ट तपासायला लावणे मी एलिस यांच्याकडून शिकलो, मात्र त्यांचा वाद घालण्याचा आक्रमक बाज मला, खरे सांगायचे तर, कधीच मानवला नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ च्या निबंधात सच्चेपणा, विनाअट स्वीकार आणि सहानुभाव या गोष्टी बदलासाठी आवश्यक ठरवल्या, ते मी पूर्णपणे मानतो. त्या निबंधातल्या इतर अटींसह त्या पुरेशाही आहेत, हा दावा मात्र पटत नाही. मंत्रचळामुळे (तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणाऱ्या मनोविकारामुळे) तासन्‌तास हात धुणाऱ्याला नुसत्या स्वीकाराने क्वचितच उतार पडतो, त्याला नळाजवळ न जाता अस्वस्थता सोसण्याचा पायरीपायरीने सराव करावा लागतो.