रात्रपाळी, दारू आणि मोठे आतडे

वणी परिसरातील कोळसा खाणीत पाळ्यांनी काम करणारा माझा चुलतभाऊ आज सकाळी रात्रपाळी संपवून आला आणि झोप लागावी म्हणून नेहमीप्रमाणे दारू घेऊन बसला, म्हणून हे सविस्तर लिहावेसे वाटले.

आतड्यातील पेशींनाही दिवस-रात्रीचे घड्याळ असते आणि अस्तराची वीण, पेशींची दुरुस्ती त्याच्या तालावर चालते. ते बिघडले की अस्तर सैल पडू शकते. त्यातच दारू गेली, तर तिच्यापासून बनणारे ॲसिटाल्डिहाइड पेशींच्या डीएनएला इजा करते. दारू मोहाची असो वा दुकानातली, अल्कोहोल तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दारूला १९८८ मध्ये निश्चित, तर रात्रपाळीला २००७ मध्ये 'बहुधा' कर्करोगकारक ठरवले. शिकागोच्या रश विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की उंदरांनी विश्रांतीच्या वेळी खाल्ले आणि सोबत अल्कोहोल मिळाले, तर मोठ्या आतड्यातील गाठी वाढतात. उंदरांचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही हे खरे, तरी रात्रीच्या विजेवर ओलित करून पहाटे प्यायला बसणारी आपल्याकडची माणसे मला आठवली.

पाळी बदलणे भावाच्या हाती नाही. दारूऐवजी खिडकीला जाड पडदा लावून झोपून पाहण्यास तो तयार झाला आहे, आणि शौचातून पडणारे जे रक्त तो मूळव्याधीचे समजत होता, त्याची तपासणी याच आठवड्यात करायची ठरली आहे.