शिट्टी वाजली की सगळ्या माना मागे

आज भावगीतांचा कार्यक्रम होता, साउंड माझ्याकडे. दुपारी साउंड चेकला गायकसाहेब आलेच नाहीत. "तुम्ही घ्या करून." रात्री तिसऱ्याच गाण्याला माइकची जाळी मुठीत धरून थेट मॉनिटरसमोर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरसमोर उभे! जाळी झाकली की कार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा) माइकसुद्धा चहूबाजूंचा आवाज ओढतो, मग स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी वाजणारच. २.५ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज कापून मी दोन सेकंदांत आवरलं. तर स्टेजवरून, "साउंडवाले दादा, जागे आहात ना?" अख्खं नाट्यगृह हसलं. (मीही हसलो, काय करणार.) आयोजकांनी पाकिटातले हजार रुपये कापले ते वेगळेच.

निघताना तबलजी हळूच म्हणाले, "आज डग्गा काय घुमत होता हो!"

साडेबारा वाजलेत. केबल गुंडाळून झाल्या, टेम्पो भरायचाय अजून.