काळी चार

शनिवार, रात्रीचे साडेदहा

पितृपक्ष चालू आहे, त्यामुळे कार्यक्रम नाहीत. गणपती संपले, नवरात्राला अजून आठवडा आहे. आमच्यासारख्या गाणाऱ्यांना वर्षातले हे पंधरा दिवस दुखणीखुपणी काढायला मिळतात, गळ्याची आणि वाद्यांचीही. आज तंबोरा मिरजेला नेला.

गेलं दीड वर्ष तो बोलतच नव्हता. जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, नीट मिळायची, शेवटच्या तारेचा खर्जही मिळायचा, पण तार छेडली की नुसतं टण्ण व्हायचं आणि विझायचं. त्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार उमलायचा नाही. रोज पहाटे मी घोडीवरचं, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरचं, तारेखालचं सूत केसभर मागं-पुढं करून बघत होते. शेवटी कंटाळून मोबाईलवरचा तानपुरा लावायचा आणि रियाजाला बसायचं. कोपऱ्यात खोळीतला तंबोरा उभा असायचा आणि त्याच्याकडं पाठ करून बसताना मला चोरट्यासारखं वाटायचं.

तंबोरा घेऊन वडापच्या जीपमध्ये बसणं म्हणजे झोपलेलं लेकरू घेऊन बसणं. भोपळा मांडीवर, मान खिडकीकडं, आणि प्रत्येक खड्ड्याला जीव वरखाली. विश्रामबागेला एक आजी चढल्या. "वीणा हाय का बाई?" म्हणाल्या. तंबोरा आहे म्हटल्यावर त्यांनी खोळीवरूनच भोपळ्याला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला.

सतारमेकर गल्लीत पाऊल ठेवलं की लाकडाच्या भुशाचा आणि पॉलिशचा वास येतो. ओळीनं दुकानं, दारात वाळलेले भोपळे रचलेले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे हे मोठे भोपळे इथं येतात आणि त्यांचे तंबोरे होऊन देशभर जातात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला घरातल्या कुणाचा सत्कार झाल्यासारखा आनंद झाला होता. माझा तंबोराही याच गल्लीतला. 14 वर्षांपूर्वी बाबांनी मार्केट यार्डातल्या अडत दुकानातून मिळालेल्या दिवाळीच्या बोनसमध्ये घरातले पैसे घालून घेऊन दिला.

दुकानातल्या कारागीर चाचांनी खोळ काढली, तंबोरा आडवा घेतला. घोडीकडं बघितलंसुद्धा नाही. चारही तारांवरून एकदा बोट फिरवलं, डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "पट्टी कुठली?"

मी म्हटलं, काळी पाच. म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी, तो माझा सा.

त्यांनी परत तार छेडली. "बेटा, तारा पाचच्या आहेत. लावल्यात चारला. ढिल्या तारेवर जवारी कशी बोलंल?" जवारी म्हणजे घोडीला तार हलकेच घासून उठणारा तो भरलेला, गुंजता नाद.

मला एकदम डोळ्यांत पाणीच आलं. दीड वर्ष ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.

काळी पाच ही माझी सतराव्या वर्षीची पट्टी. माझ्या गाण्याच्या बाईंनी तेव्हा गळा बघून लावून दिली होती आणि तेव्हा ती बरोबरच होती, तार षड्ज सहज लागायचा. पुढं विशारद झाले, आकाशवाणीची ऑडिशन देऊन बी ग्रेड मिळाली, ऑर्केस्ट्रात गायला लागले. ऑर्केस्ट्रात तर गाणं मूळ पट्टीतच पाहिजे असतं, अर्धा स्वर खाली घेतला तरी आयोजकाचा चेहरा पडतो. उंच गाते म्हणून लोक वाहवा करायचे. मलाही वाटायचं, पट्टी हीच आपली पत. वयानुसार आवाज भरतो, खाली येतो, हे मी विद्यार्थिनींना सांगत होते आणि स्वतः मात्र ऐकत नव्हते.

मग दोन वर्षांपूर्वीचं ते नवरात्र. नऊ रात्री, नऊ गावं. स्टेजवर स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नव्हता, म्हणून आणखी जोर लावायचा. सातव्या रात्री मध्य सप्तकातला पंचम लावायला गेले तर नुसती हवा आली. तरी उरलेल्या दोन रात्री गायले, कारण बिदागी शेवटी मिळणार होती. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं. स्वरयंत्राच्या दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर बारीक गाठी, नोड्यूल. ताणामुळं येतात, म्हणाले, हाताला घट्टा पडतो तसं. शस्त्रक्रिया नको, पण तीन आठवडे पूर्ण मौन, मग स्पीच थेरपी. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्यानंही पट्ट्यांवर ताण येतो.

त्या तीन आठवड्यांत मी पाटी वापरली. लहानपणीची, लाकडी चौकटीची. "चहा नको", "दूधवाल्याचे पैसे दे", असलं काहीबाही लिहायचं आणि पुसायचं. एका रात्री मी लिहिलं, "आवाज परत नाही आला तर?" आईनं वाचलं, पदरानं पाटी पुसली आणि पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली.

आवाज परत आला. पण काळी चारला आला. अर्धा-अर्धा असे दोन स्वर उतरले, म्हणजे पेटीवरच्या दोन पट्ट्या खाली, इतकंच. तिथं गळा मोकळा लागतो, खर्जात कधी नव्हती ती गोलाई आली आहे. तरी मी ते कुणाला बोलले नाही. तंबोऱ्याच्या तारा बदलायला गेले असते तर पट्टी सांगावी लागली असती, म्हणून त्याच तारा ढिल्या करून वाजवत राहिले. तंबोरा मुका झाला तो त्यामुळं, हे आज कळलं.

"तर मग काय करू?" चाचांनी विचारलं. "चार की पाच?"

म्हटलं, "काळी चार, चाचा. कायमची."

"मग तारा जाड घालाव्या लागतील. घोडीला चर पडलेत, घासून घेतो. तीन वाजता या." त्यांच्या दृष्टीनं विषय तिथं संपला. पट्टी खाली आली म्हणजे काही वाईट झालं, असा सूरसुद्धा त्यांच्या बोलण्यात नव्हता.

गल्लीतून बाहेर पडते तोच फोन वाजला. एका मंडळाचे कार्यकर्ते, दिवाळी पहाटेसाठी. "ताई, दोन तास भक्तिगीतं, नाट्यगीतं. हजारभर माणूस असतं. तुमचं चांगलं नाव होईल." मी विचारलं, मानधनाचं काय? "ते काय ओ ताई, घरचाच कार्यक्रम आहे. बघू की, तुम्हाला नाराज करणार नाही."

हे वाक्य मी गेली बारा वर्षं ऐकते आहे. त्याचा अर्थ शाल, श्रीफळ आणि एक पाकीट, जे घरी जाऊन उघडायचं. एका वर्षी तबलजींचे पैसे मी ट्यूशनच्या फीमधून दिले होते. दरवेळी मी "बरं दादा" म्हणत आले. कलेचा भाव कसा करायचा, लोक काय म्हणतील, असं मनात यायचं. बाबा एकदाच म्हणाले होते, "हळदीचा भाव न सांगता कुणी पोतं उचलून देत नाही." तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

आज म्हटलं, "दादा, बारा हजार होतील. तबला अडीच, पेटी अडीच, साईड ऱ्हिदम दीड, गाडीचे हजार. राहिलेले साडेचार माझे. त्यात तीन तालमी आल्या."

पलीकडं शांतता. मग, "कळवतो ताई."

फोन ठेवल्यावर हात थरथरत होते. तीन वाजायला वेळ होता, म्हणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन बसले. आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. 1937 च्या ऑक्टोबरात मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर ते गेले आणि त्यांना मिरजेत आणून इथं ठेवलं. खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करायचे, तंबोऱ्याची जवारी स्वतःच्या हातानं लावायचे. इतका मोठा गवई, पण तंबोरा मनासारखा बोलेपर्यंत तोंड उघडायचा नाही. मी दीड वर्ष मुक्या तंबोऱ्याशेजारी बसले. तिथं बसून मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

आणि मग बारा हजारांचाच विचार येत राहिला. हे गाव तसं बघायला गेलं तर गाण्याच्या पैशांचंही गाव आहे. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर इथंच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले. गोष्ट अशी सांगतात, की मिरजेतल्या एका समारंभाला विष्णू दिगंबरांना बोलावणं आलं, पण त्यांच्या गुरूंना आलं नाही. का, तर ते काय, गवई! ते त्यांच्या मनाला लागलं. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. पुढं सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली, आणि 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या मर्जीवर गाणारा माणूस लोकांसमोर तिकीट लावून उभा राहतो, याला तेव्हा काय छाती लागली असेल! आणि खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर, जन्म मिरजेचाच, 1905 चा. घरंदाज बाईनं चारचौघांत गायचं नाही असं मानण्याच्या काळात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. तिकीट लावायचं म्हणजे भाव आधी सांगायचा. समोरच्यानं तो देऊन मगच आत यायचं. या दोघांनी ते इतक्या आधी करून ठेवलं आहे आणि मला फोनवर एक आकडा उच्चारायला बारा वर्षं लागली.

तीन वाजता गेले. चाचांनी माझ्यासमोर शेवटचा हात फिरवला. तार बाजूला सारायची, घोडीच्या पाठीवर कानस दोनदाच ओढायची, फुंकर मारायची, तार परत बसवायची, ऐकायचं. पुन्हा तेच. मग तारेखाली सूत सरकवलं आणि नखाच्या टोकानं पुढं ढकलत नेलं. एका जागी येईपर्यंत काही नाही. आणि त्या एका जागी तार अशी काही उघडली की शेजारच्या दुकानातल्या पोरानं मान वर केली. खर्जातून गंधार स्वच्छ बाहेर आला. चाचा म्हणाले, "आता हलवू नका." मी तिथंच, दुकानाच्या पायरीवर, सा लावला. काळी चारचा. गळ्याला कुठंही ढकलावं लागलं नाही.

संध्याकाळी क्लास. नोव्हेंबरात प्रवेशिका पूर्णची परीक्षा देणारी मुलगी आहे, तिची आई थांबली. "ताई, हिला गाण्यातच पुढं जायचंय म्हणती. पोट भरतं का ओ यात?"

याआधी कुणी विचारलं की मी "मेहनत केली तर होतं" असं काहीतरी सांगायचे. आज वहीच काढून दाखवली. ट्यूशनला 23 मुलं, घरभाडं आणि किराणा त्यातून निघतो. आकाशवाणीचे कार्यक्रम वर्षात मोजकेच. गणपती ते दिवाळी जे मिळतं त्यावर पुढचे सहा महिने भागवायचे. लग्नसराईत मंगलाष्टकं, संगीत. पावसाळ्यात जवळजवळ काही नाही. गळा बसला तर सगळंच बंद, आणि ते मी भोगलंय. मुलीच्या आईनं सगळे आकडे नीट वाचले. मग म्हणाली, "तरी तुम्ही करताय."

"करते," म्हटलं. "पण तिला पट्टी कुणाचं ऐकून उंच लावू देऊ नका. आणि पहिल्या कार्यक्रमापासून पैसे विचारायला शिकवा." त्यांना हे उत्तर पुरेसं होतं की नाही, माहीत नाही. मुलगी मात्र तंबोऱ्यासमोर बसून एकेक तार छेडत होती आणि दर तारेनंतर कान भोपळ्याजवळ नेत होती.

रात्री जेवताना बाबांना बारा हजारांचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. हात धुऊन आले आणि पाठकोऱ्या कागदावर त्यांच्या दिवाणजी अक्षरात मला बिलाचा नमुना करून दिला. तारीख, तपशील, आगाऊ निम्मे. "आगाऊ"खाली दोन रेघा मारल्यात.

मंडळाचा फोन नऊ वाजता आला. दहा हजारांवर येता का म्हणाले. मी म्हटलं, मग साईड ऱ्हिदम नको आणि गाडी तुमची पाठवा, पण वादकांचे पैसे कमी होणार नाहीत. पाच हजार आगाऊ पाठवतो म्हणाले.

लगेच तबलजींना फोन लावला. अडीच हजार ठरलेत, आगाऊ मिळालं की निम्मे पाठवते, असं सांगितल्यावर ते क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, "बरं वाटलं ताई. तबला नेहमीचाच आणू ना, काळी पाचचा?"

"नाही," म्हटलं, "काळी चारचा आणा."

"चारचा? बरं. मग उद्या जरा शाई बघून घेतो, बरेच दिवस काढला नाही तो."