वही कुठली?

"आई, हे गणिताच्या वहीत करू की भूगोलाच्या?"

सहावीतली लेक नकाशावर दोरा ठेवून पुणे-कोल्हापूर मोजत होती. प्रमाण १ सेंमीला ५० किमी. दोरा भरला चार सेंटीमीटरच्या जरासा वर, म्हणजे दोनशेच्या आसपास.

"पण एसटीने तर सव्वादोनशेच्या वर होतं!"

मग खंबाटकी घाट आठवला, वळणं आठवली. दोरा सरळ जातो, एसटी नाही. हे तिचं तिनेच शोधलं, मी नुसती चहा ढवळत होते.

तरी उत्तर लिहायला पेन अडलंच. गुणाकार केला म्हणून गणित, नकाशा आहे म्हणून भूगोल. शेवटी मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं.

वेळापत्रकातल्या पस्तीस-चाळीस मिनिटांच्या भिंती डोक्यातही उभ्या राहतात का हो? तुमच्याकडे काय अनुभव?