डबा क्रमांक ३, दिवस ९८

आजची स्थिती आधी सांगते. डब्यात नेच्याची (म्हणजे फर्नची) अकरा बाळं आहेत, बीजाणू पेरून आलेली. सगळी डाव्या भागात. उजव्या भागात एकही नाही, आणि मला जास्त आनंद त्या रिकाम्या उजव्या भागाचाच झालाय. का, ते पुढे येईलच.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. मी अकरावी सायन्सला आहे, घर चिपळूणजवळच्या गावात. नववीत आम्ही मराठीतून बीजाणू, मूलाभ (मुळांसारखे धागे) असे शब्द शिकलो होतो, अकरावीत तेच स्पोअर आणि रायझॉइड होऊन समोर आले. वनस्पतिसृष्टीच्या धड्यात मॅडमनी फळ्यावर नेच्याचं जीवनचक्र काढलं. वर मोठं पान, खाली बोटभर हृदयाची आकृती, मध्ये बाण. ते हृदय म्हणजे प्रोथॅलस. बीजाणूतून थेट नेचा उगवत नाही, आधी हे हृदय उगवतं, आणि त्यावर फलन झालं की मग नेचा. मी विचारलं, हे खरं बघायला कुठे मिळेल? मॅडम म्हणाल्या, "परमनंट स्लाइड आहे आपल्याकडे. पण जिवंत बघायचं असेल तर पेरून बघ."

पेरण्यासाठी आमच्या विहिरीच्या कठड्यावरचा टेरिस व्हिटाटा निवडला. विहीर जांभ्याची, पण हा नेचा नुसत्या जांभ्यावर दिसत नाही. चिऱ्यांच्या मधल्या दरजा जिथे चुन्याने भरल्यात, तिथेच तो येतो. त्याला चुना आवडतो. (हाच नेचा जमिनीतलं आर्सेनिक ओढून पानांत साठवतो, हे २००१ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवलं. इतकी वर्षं विहिरीवर पाणी भरताना मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.) गडग्यावर हंसराज भरपूर आहे, पण तो मुद्दाम टाळला. आपल्याकडच्या हंसराजात बऱ्याचदा फलनाशिवायच प्रोथॅलसमधून नवं रोप निघतं, आणि मला तर फलनच बघायचं होतं.

बीजाणू गोळा करणं सोपं आहे. पानाची कड आत दुमडलेली असते, तिच्याखाली तपकिरी पट्टा दिसला की पान तयार. ते वर्तमानपत्राच्या घडीत दोन दिवस ठेवलं, की कागदावर कॉफीसारखी पूड पडते. त्यात बीजाणुधानींची (बीजाणूंच्या पिशव्यांची) फोलपटंही असतात. कागद तिरका धरून हळू टिचक्या मारा. फोलपटं आधी घरंगळतात, बीजाणू कागदाला धरून राहतात.

एक गोष्ट जरूर करून बघा. पिकलेल्या पट्ट्याचा तुकडा कोरडाच सूक्ष्मदर्शकाखाली, दिव्याच्या उबेत ठेवा. बीजाणुधानीच्या पाठीवर जाड पेशींची एक कमान असते. पेशींतलं पाणी उडतं तशी ती सावकाश मागे वळते, अख्खी धानी उलटी उघडते आणि मग एका क्षणात फटकन पुढे येते. बीजाणू नजरेआड! मी अर्धा तास तिथून उठले नाही.

डबा १ आणि २ बद्दल थोडक्यात. पहिल्यात परसातली माती तशीच घातली, सहाव्या दिवशी पांढरी बुरशी. दुसऱ्यात मातीवर उकळतं पाणी ओतलं, पण नंतर फवारलं ते विहिरीचं कच्चं पाणी. हिरवे धागे आले. तेरा दिवस मी ते नेच्याचेच समजून वहीत मोजत होते. मॅडमनी स्लाइड करून दाखवली: धाग्यातल्या पेशींच्या भिंती तिरक्या होत्या. म्हणजे मॉस. वाईट वाटलं, पण डबा टाकला नाही. धाग्यांवर कोंब येऊन आता छान मखमल झालीय, आणि तुलनेला तीच उपयोगी पडतेय.

डबा ३ : ७ सप्टेंबरला पेरला. मिठाईचा पारदर्शक डबा, तळाला भोकं, खाली ताटली. विटेचा चुरा आणि चाळलेली माती निम्मी-निम्मी, वर उकळतं पाणी, झाकून रात्रभर गार. सकाळी कोरड्या ब्रशच्या टोकाने बीजाणू, अगदी चिमटीपेक्षा कमी. उत्तरेची खिडकी. पाणी फक्त उकळून गार केलेलं.

दिवस १३. मातीवर हिरवट झाक. आजी डोकावून म्हणाली, "काय गो, डब्यात शेवाळ पाळलंस काय?" तिला भिंग दिलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "ह्याला पानं कधी येणार?"

दिवस ४६. हृदयं! सगळ्यात मोठं तिळाएवढं. दहापट भिंगातून बघा, कडेला तो पापुद्रा एका पेशीइतकाच जाड आहे, त्यामुळे प्रकाश आरपार येतो आणि एकेक पेशी हिरव्या कणांनी भरलेली दिसते. मधला भाग थोडा जाड. उलटं केलं की टोकाकडे तपकिरी रायझॉइडचा झुबका, त्याच्या आसपास नर अवयवांचे गोळे, आणि वरच्या खाचेजवळ स्त्री अवयवांच्या छोट्या धुराड्या. पाण्याच्या नळ्या नाहीत, खरं मूळ नाही, खोड नाही. पण स्वतःचं अन्न स्वतः करतं. हे नेच्याचं पिल्लू नव्हे, ही नेच्याची दुसरी पिढी आहे, आणि तिच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचा एकच संच आहे. जिथे बीजाणू दाट पडले होते तिथली मात्र बारीक राहिली, त्यांना खाचही नीट आली नाही.

दिवस ५०. डब्याच्या मध्ये जुन्या फाइलच्या प्लास्टिकची पट्टी रोवली. डाव्या भागावर एक दिवसाआड वरून फवारा, उजव्याला फक्त ताटलीतून खालून पाणी. झाकणाला धरलेले थेंब उजवीकडे पडू नयेत म्हणून डबा डावीकडे किंचित कलता ठेवला.

दिवस ७०. कॉलेजच्या लॅबमध्ये उजव्या भागातलं एक प्रोथॅलस स्लाइडवर ठेवलं आणि थेंबभर पाणी सोडलं. दोन-तीन मिनिटांत नर गोळे फुटले आणि आतून वेटोळ्या आकाराचे ठिपके गिरक्या घेत बाहेर पडले. शुक्रपेशी. झाडाच्या शुक्रपेशी, पोहताना! १८८४ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर यांनी दाखवलं होतं, की नेच्याच्या शुक्रपेशी मॅलिक आम्लाच्या दिशेने पोहतात. कच्च्या सफरचंदात असतं तेच आम्ल.

दिवस ९१. डाव्या भागात एका हृदयाच्या खालून पहिलं पान वर आलं. ते नेच्यासारखं दिसतच नाही. देठ केसाएवढा, वर छोटासा पंखा. आज अशी अकरा आहेत. उजवीकडची हृदयं आकाराने तेवढीच, तितकीच हिरवी, पण एकालाही पान नाही. पोहायला पाणी नाही म्हणून. एकाच डब्यावरून पक्कं म्हणणार नाही, पुढच्या वेळी दोन-दोन डबे करणार आहे.

या सगळ्यात धड्यातली मॉस, नेचे, फुलझाडं ही रांग मला पहिल्यांदा नीट कळली. डबा २ मधली मॉसची मखमल हीच एकेरी संचाची पिढी आहे. तिच्यावर उगवणारा दांडा आणि बोंडी ही दुसरी, आणि ती आयुष्यभर मखमलीच्या जिवावर. नेच्यात दोन्ही पिढ्या स्वतंत्र जगतात, मोठी मात्र दुहेरी संचाची. आणि अंगणातल्या जास्वंदीत एकेरी पिढी इतकी आकसलीय की नर बाजूला फक्त परागकण उरलाय, स्त्री बाजूला बीजांडातल्या सातेक पेशी. मॉस, नेचे आणि फुलझाडं यांतला हा दुवा १८५१ मध्ये विल्हेल्म हॉफमायस्टरने मांडला. तो लाइपझिगमध्ये संगीताची पुस्तकं छापण्या-विकण्याच्या घरच्या धंद्यात होता, वनस्पतिशास्त्र स्वतःच शिकलेला, नजर खूप अधू. त्याला माझ्या खिडकीतला हा डबा दाखवावासा वाटतो.

पुढचा डबा बाशिंग नावाच्या नेच्याचा. आमच्या आंब्यावर मोठा झुबका आहे, पालापाचोळा धरून ठेवणारी तपकिरी पानं वेगळी आणि बीजाणूंची हिरवी पानं वेगळी. कुणी बाशिंग बीजाणूपासून वाढवलं असेल तर किती दिवसांत हृदयं आली ते कळवा.

आणि हो, काल भिंग घेऊन विहिरीवर गेले होते. पायऱ्यांच्या सावलीत, तिसऱ्या चिऱ्याखालच्या ओल्या दरजेत सहा हृदयं मोजली, आपोआप आलेली. आजी परवा कठडा घासायला काढणार आहे. ती दरज तेवढी सोडायचं तिने कबूल केलंय.