तुम्ही विचारलंत म्हणून: हत्यारं देशातलीच का?

माझी हत्यारांची पेटी उघडली की कोणी ना कोणी विचारतंच, "सगळं देशातच बनलेलं घेता म्हणे. जास्त पैसे मोजून मिळतं काय?"

आधी कबूल करतो, सगळं नाही घेत. माझं ड्रिल बाहेरचं आहे. पण कानस, पटाशी, पक्कड, बिजागऱ्या यांच्या बाबतीत मी हटून बसतो.

विटा, वाळू, खडीसाठी फार डोकं चालवावं लागत नाही. वजन जास्त आणि किंमत कमी, त्यामुळे लांबून आणायचं तर भाडंच मालाच्या वर जातं. तो माल बहुधा जवळपासचाच असतो. बिजागरीचं तसं नाही. एका कंटेनरमध्ये ढिगाने मावतात, एकेकीवर भाडं पडतं नाममात्र. त्यामुळे बाहेरच्या स्वस्त मालाची झळ अशा छोट्या वस्तू बनवणाऱ्यांना लवकर बसते.

एकदा कानशी बनताना पाहिल्या आणि माझा हट्ट पक्का झाला. पोलाद मऊ असतानाच त्यावर छिन्नीने दात पाडतात, मग तापवून पाणी देतात, म्हणजे झटकन गार करून कडक करतात. उलटं करता येत नाही, कडक पोलादावर छिन्नी चालणार कशी? पण पाणी देताना कानस वाकते. ती पुरती गार व्हायच्या आत कारागीर तिच्याकडे तिरक्या नजरेने बघतो आणि दाब देऊन सरळ करतो. गार झाल्यावर जोर लावला तर काडकन मोडते. हे हातात काही क्षणांचं काम, ते शिकायला वर्षं जातात. भट्टी बंद पडली की त्या माणसाचा पगार जातोच, आणि त्याच्या शेजारी उभं राहून शिकणारा पोरगाही दुसरीकडे जातो. भट्टी पुन्हा पेटवता येईल हो, पण तिच्यासमोर उभं कोणाला करणार?

आता शिक्क्याचं. ब्रिटनने 1887 मध्ये कायदा करून ब्रिटिश वाटेल अशी खूण असलेल्या परदेशी मालावर तो कुठला आहे हे लिहिणं सक्तीचं केलं, लोकांनी फसून तो ब्रिटिश समजू नये म्हणून. झालं भलतंच, 'मेड इन जर्मनी' हीच पुढे चांगल्या मालाची ओळख बनली! शिक्क्याचा अर्थही सगळीकडे एक नाही. अमेरिकेत 'मेड इन यूएसए' असं बिनशर्त म्हणायचं तर माल जवळजवळ संपूर्ण तिथलाच लागतो; स्वित्झर्लंडमध्ये 2017 पासून कारखानी मालासाठी निर्मितीखर्चाचा किमान 60 टक्के वाटा देशातला असावा लागतो. नुसती जोडणी इथली आणि सुटे भाग बाहेरचे, असाही माल असतोच. म्हणून दुकानात मी विचारतो, "घडाई कुठली?" कधी उत्तर मिळतं, कधी दुकानदार वैतागतो.

पैसे जास्त जातात, खरंय. मी हत्यारं कमी घेतो. तीन वर्षं दोनच पटाश्यांवर काढली.

आणि देशी म्हणून वाटेल ते खपवून घेत नाही. एका पक्कडीचे जबडे टोकाशी जुळत नव्हते, तार निसटायची. बनवणाऱ्याकडे परत पाठवली, सोबत फट कुठे आहे त्याचं चित्र काढून. चिडचिड झाली होती, चिठ्ठीत ती उतरलीच. महिन्याने दुसरी आली. मिटून उजेडाकडे धरली. टोकाशी उजेड आरपार दिसला नाही. तीच अजून वापरतोय.