काट्यावरचा टॉवेल

बँकेच्या कर्ज विभागात होतो तेव्हाची गोष्ट. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात स्टॉक तपासणीला गेलो होतो. मालकांनी कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जखात्याची, लिमिट वाढवून मागितली होती. दोन वर्षांत विक्री 4 कोटींवरून 7 कोटींवर गेलेली. माझी शिफारस जवळजवळ लिहून झाली होती.

गोदामात गठ्ठे पार छताला टेकले होते.

"एवढा माल पडून कसा, मालक?"

"एकाच पार्टीचा आहे साहेब. उचलतील."

7 पैकी 5 कोटींचा माल त्या एका परराज्यातल्या खरेदीदाराला जात होता. पेमेंट आधी दीड महिन्यात यायचं, आता चार महिने लागत होते. आमच्या बँकेत ड्रॉइंग पॉवर, म्हणजे माल आणि येणी बघून खात्यातून किती उचलता येईल ते, काढताना 90 दिवसांपुढची येणी धरत नसत. त्यामुळे विक्री वाढली तरी खात्यातून उचलता येणारी रक्कम घटत चालली होती. सूतवाला महिन्यापलीकडे थांबत नाही. जीएसटी तर बिल फाडलं की पुढच्या महिन्यात भरायचाच, पैसे आलेले असोत वा नसोत.

पॅकिंगच्या टेबलावर काटा होता. सहज एक टॉवेल ठेवला. 410 ग्रॅम. कपाटातला त्याच मापाचा जुना नमुना काढून ठेवला. 500.

मालक खाली बघत म्हणाले, "दर पाडून मागतात साहेब. सूत कमी केल्याशिवाय परवडत नाही."

बोटं फिरवली तर टॉवेलवरचे धाग्यांचे फासे विरळ लागत होते. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि हातात हे! हाच माल लातूर, पंढरपूर, विजापूरच्या दुकानदारांकडेही जात होता. वीस-वीस वर्षांची ही गिऱ्हाइकं वेळेवर पैसे देणारी. त्यातली निम्मी वर्षभरात तुटली होती.

माझे आजोबा सोलापूरच्या जुन्या गिरणीत होते. 1877 साली सुरू झालेली ती गिरणी साठच्या दशकात बंद पडली, त्या दिवसांच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो. म्हणून "बसत नाही" असा शेरा मारून मला उठवेना. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं येणी-देणी मांडत बसलो. लिमिट वाढवायची नाही, जुनी वसुली होईपर्यंत त्या पार्टीला नवा माल द्यायचा नाही, आणि वजन पूर्ववत करायचं, असं ठरलं.

पुढच्या वर्षी विक्री साडेचार कोटींवर आली. खातं सुरळीत झालं, लातूरचे दोन दुकानदार परत आले. पण त्यासाठी मालकांना आठ माग विकावे लागले. ते चालवणारे कामगार कुठे गेले, हे त्या तपासणीत मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.